मुखवटा कोणी केला?

शाळेच्या स्नेहसंमेलनातील वेशभूषा स्पर्धा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेला आम्ही तिघेजण परीक्षक म्हणून गेलो होतो. शिवाजी महाराज, झाशीची राणी, भाजीवाली, डॉक्टर अशी नेहमीची मंडळी होऊन गेल्यावर तिसरीतला एक मुलगा चित्रपटातल्या मुखवटाधारी वीराच्या वेषात आला. पोशाख भाड्याने आणलेला होता. चकचकीत प्लास्टिकचा मुखवटा, हातात तलवार, मागे झुळझुळता झगा. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच्या मागोमाग एक मुलगी यंत्रमानव होऊन आली. तिचा मुखवटा किराणा दुकानातल्या खोक्याचा होता आणि त्याला वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून आकार दिलेला होता. रंग जरा ओघळला होता.

पहिला क्रमांक आम्ही त्या मुलाला दिला. बक्षीस घेऊन तो मंचावरून उतरू लागला आणि त्याला पायरीच दिसली नाही. तो पडला. सुदैवाने फारसे लागले नाही, पण मुखवटा काढला तेव्हा तो घामाने निथळत होता आणि त्याला धाप लागली होती. यंत्रमानव झालेली मुलगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “सर, माझ्या मुखवट्यातून सगळं दिसतं. मी भोकं डोळ्यांच्या अगदी जवळ पाडलीत. आधी लांब पाडली होती, तेव्हा भिंतीवर आपटले.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. गुणपत्रिकेत पोशाख, अभिनय, धिटाई असे रकाने होते. पण हा मुखवटा कोणी केला, कसा केला, हा रकाना नव्हता आणि तो प्रश्न आम्हाला सुचलाही नव्हता.

मुखवट्यांचा इतिहास वाचू लागल्यावर लक्षात आले की ही चूक आमच्यापुरती नाही. मुखवटा घालणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, करणाऱ्याचे बहुधा पुसले जाते. म्हणून या लेखात आपण मुखवट्याच्या मागे उभ्या असलेल्या हातांचा आणि त्या हातांत आलेल्या पदार्थांचा मागोवा घेऊ.

रद्दीतून चेहरा

मुखवटा म्हणजे काय? चेहऱ्यावर बसेल असे एक पातळ, हलके, तरीही ताठ कवच. हलके आणि ताठ हे दोन गुण एकत्र मिळणे अवघड असते. लाकूड ताठ असते, पण जड पडते. कापड हलके असते, पण लुळे पडते. यावर माणसाने फार पूर्वी एक तोड काढली. लुळा पदार्थ ओला करून, डिंक किंवा खळ लावून आकारावर बसवायचा आणि वाळू द्यायचा. वाळला की तो आकार धरून राहतो.

प्राचीन इजिप्तमध्ये राजांच्या ममीवर सोन्याचा मुखवटा चढे. तुतनखामेनचा मुखवटा आपण चित्रात पाहिलेला असतो. पण ज्यांना सोने परवडत नसे, त्यांच्यासाठी तागाच्या कापडाचे थर डिंकाने चिकटवून, वर चुन्यासारखा लेप देऊन मुखवटे होत. टॉलेमी राजांच्या काळात कापडाऐवजी कचेऱ्यांतून टाकून दिलेले पपायरसचे कागद वापरू लागले. म्हणजे रद्दीच! गंमत अशी की ही रद्दी विद्वानांना पुढे सोन्याहून मोलाची वाटली. अशाच एका ममीच्या छातीवरील आवरणाचे थर सोडवताना पोसिडिप्पस या ग्रीक कवीच्या सुमारे ११० लघुकविता हाती लागल्या. त्या २००१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांतील बहुतेक त्यापूर्वी कोणालाच ठाऊक नव्हत्या.

ग्रीक नाटकातले नट मुखवटे घालत, हे आपण पुस्तकात वाचतो. पण त्या काळी रंगभूमीवर वापरलेला एकही मुखवटा आज शिल्लक नाही. ते खळ लावून ताठ केलेल्या कापडाचे किंवा हलक्या लाकडाचे असत आणि काळाच्या ओघात कुजून गेले. आपल्याला दिसतात ती त्यांची दगडातली आणि मातीतली चित्रे.

व्हेनिस शहरात मुखवटे करणाऱ्या कारागिरांना १४३६ मध्ये स्वतःची नियमावली मिळाली. त्यांची पद्धत आजही शिकवता येण्याजोगी आहे. आधी मातीचा चेहरा घडवायचा. त्यावर प्लॅस्टर ओतून उलटा साचा काढायचा. त्या साच्याच्या आतल्या बाजूला खळीत भिजवलेले कागदाचे तुकडे थरावर थर दाबून बसवायचे आणि वाळल्यावर कवच सोडवून घ्यायचे. एका साच्यातून असे कितीतरी चेहरे निघतात.

हेच तंत्र आपल्याकडेही घरोघरी होते. जुन्या टोपल्यांना आणि सुपांना कागदाच्या लगद्यात वाटलेल्या मेथ्या घालून लिंपण्याची पद्धत आपल्या आजीच्या पिढीला चांगली माहीत होती. मेथीतला चिकट अंश लगदा घट्ट बांधून ठेवतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही, असा अनुभव असे. जव्हार-मोखाडा भागातल्या बोहाड्यात देव-दानवांची सोंगे निघतात. त्यांचे मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. अनेक गावांत ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे असतो. मुखवटा कोण नाचवणार हे सगळ्या गावाला ठाऊक असते. तो घडवणाऱ्याची आठवण मात्र त्याच्या कुटुंबाबाहेर क्वचितच कोणी काढतो.

कागद ताठ का होतो?

इथे थोडे विज्ञान पाहू. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. सेल्युलोजच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते शेजारच्या तंतूशी हायड्रोजन बंध जोडतात. पाणी मध्ये शिरले की हे बंध सुटतात, म्हणून ओला कागद लुळा पडतो. पाणी उडून गेले की तंतू पुन्हा एकमेकांना धरतात, पण आता नव्या जागी. आपण दिलेला आकार असा त्यांच्या अंगी मुरतो.

खळीचे काम वेगळे. पिठातले स्टार्चचे कण साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. त्यातून सुटलेले लांब रेणू तंतूंच्या मधल्या फटी भरतात. म्हणूनच थंड पाण्यात कालवलेले पीठ चिकटत नाही आणि शिजवलेली खळ चिकटते. कागदाचे थर एकमेकांना छेद देऊन बसवले तर कवच सर्व दिशांनी मजबूत होते. १७७२ मध्ये बर्मिंगहॅमच्या हेन्री क्ले याने असे थर चिकटवून, तेल पाजून, भट्टीत वाळवून तक्ते करण्याचे पेटंट घेतले. ते इतके टणक होत की घोडागाड्यांच्या बाजूंना बसवले जात.

१९३९ ची रेल्वे आणि हिरवा झगा

आता कल्पित कथेतल्या पात्राचा वेष स्वतः तयार करून मिरवण्याच्या छंदाकडे वळू. आज जगभर त्याला ‘कॉस्प्ले’ म्हणतात.

कथेतले पात्र होऊन समारंभाला जाण्याची हौस तशी जुनी आहे. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मार्च १८९१ मध्ये एका रुग्णालयाच्या मदतीसाठी मोठा बाजार भरला होता. एडवर्ड बुल्वर-लिटन यांच्या ‘द कमिंग रेस’ या १८७१ सालच्या कादंबरीत जमिनीखाली राहणारे ‘व्ह्रिल-या’ लोक आहेत. बाजाराची सारी सजावट आणि वेष त्यांच्यावर बेतलेले होते. १९०८ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एक जण वर्तमानपत्रातील चित्रमालिकेतला मंगळवासी ‘मिस्टर स्कायगॅक’ होऊन वेषांतराच्या समारंभाला गेला होता.

पण आजच्या छंदाची सुरुवात बहुतेक अभ्यासक २ जुलै १९३९ पासून मानतात. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन सुरू झाले. सुमारे २०० माणसे जमली होती. लॉस एंजेलिसहून रेल्वेने आलेले दोघेजण भविष्यकाळातल्या माणसांच्या वेषात हजर झाले. फॉरेस्ट जे. अकरमन हा बावीस वर्षांचा तरुण आणि त्याची मैत्रीण मर्टल डग्लस. ती एस्पेरान्तो या आंतरराष्ट्रीय भाषेची अभ्यासक होती आणि ‘मोरोजो’ या नावाने ओळखली जाई. फ्रँक पॉल या चित्रकाराची मासिकांतील चित्रे आणि ‘थिंग्ज टु कम’ हा १९३६ चा चित्रपट यांवरून ते वेष बेतले होते. अकरमनला वाटले होते की सगळेच वेष करून येतील. प्रत्यक्षात हे दोघेच तसे आले. पुढच्या वर्षी शिकागोच्या संमेलनात मात्र अनेकांनी पोशाख केले आणि प्रथा पडली.

पुढे कित्येक वर्षे या छंदाचा जनक म्हणून अकरमनचे नाव घेतले गेले. पण दोन्ही पोशाखांचा आराखडा करून ते शिवले होते मोरोजोने. अलीकडच्या लेखनात तिला तिचे श्रेय मिळू लागले आहे. १९४१ मध्ये डेन्व्हरच्या संमेलनात अकरमन ‘नोत्र दामचा कुबडा’ झाला. त्याचा मुखवटा एका विशीतल्या मित्राने करून दिला होता. त्या मित्राचे नाव रे हॅरीहाउझेन. बाहुल्यांना एकेका चित्रचौकटीत किंचित हलवून पडद्यावर राक्षस जिवंत करणारा कलावंत म्हणून तो पुढे जगप्रसिद्ध झाला.

‘कॉस्प्ले’ हा शब्द जपानमधला. ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ या दोन इंग्रजी शब्दांची जपानी धाटणीने तोड करून ‘कोसुपुरे’ असा शब्द झाला. नोबुयुकी ताकाहाशी यांनी तो जून १९८३ मध्ये ‘माय अॅनिमे’ या मासिकात वापरला. तोवर तिथल्या तरुणांत हा छंद रुजलेला होता. ‘कामेन रायडर’ ही मुखवटाधारी वीराची दूरदर्शन मालिका तिथे १९७१ मध्ये सुरू झाली. ‘कामेन’ म्हणजेच मुखवटा. तो मुखवटा नाकतोड्याच्या डोक्यावरून बेतलेला आहे. जीवशास्त्राच्या तासाला संयुक्त नेत्र शिकवताना हे उदाहरण मुलांना नक्कीच आवडेल.

प्लॅस्टर, रबर आणि दोन डॉलरचा चेहरा

चित्रपटांमुळे मुखवट्यात नवे पदार्थ आले. जिप्सम साधारण १५० अंश सेल्सिअसला तापवले की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पूड मिळते. पाणी घातले की ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. पातळ थरातली उष्णता हवेत निघून जाते, जाड गोळ्यातली आतच कोंडते. २००७ मध्ये इंग्लंडमधील एका शाळेत हाताचा ठसा घेण्यासाठी एका विद्यार्थिनीने दोन्ही हात प्लॅस्टरच्या बादलीत धरून ठेवले आणि भाजल्यामुळे तिला बोटे गमवावी लागली. हे उदाहरण आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. प्लॅस्टर मातीच्या चेहऱ्यावर ओतावे, माणसाच्या अंगावर कधीही नाही.

प्लॅस्टरच्या साच्यात रबराचा चीक ओतला की सच्छिद्र प्लॅस्टर त्यातले पाणी शोषून घेते आणि साच्याच्या भिंतीला रबराची कातडी धरते. उरलेला चीक ओतून टाकायचा, की पोकळ मुखवटा तयार. चिनी मातीची भांडीही याच तत्त्वाने ओततात.

जपानचा ‘गोजिरा’ म्हणजे गॉडझिला १९५४ मध्ये पडद्यावर आला. बांबू आणि तारेच्या सांगाड्यावर कापड आणि रबर चढवून केलेला त्याचा पहिला पोशाख सुमारे १०० किलो वजनाचा झाला. तो घालून धड चालताही येईना, म्हणून दुसरा, जरा हलका पोशाख करावा लागला. आतमध्ये हारुओ नाकाजिमा हा नट होता. दिव्यांच्या उष्णतेत तो काही मिनिटांतच घामाघूम होई. पडद्यावर शहर तुडवणाऱ्या त्या अक्राळविक्राळ प्राण्याच्या आत एक माणूस श्वासासाठी धडपडत होता.

याच्या अगदी उलट गोष्ट १९७८ च्या ‘हॅलोवीन’ या भयपटाची. निर्मात्यांकडे पैसे बेताचे होते. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेस याने दुकानातून ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा रबरी मुखवटा दोन डॉलरहून कमी किमतीत आणला. डोळ्यांची भोके मोठी केली, कल्ले काढून टाकले, चेहरा पांढरा रंगवला आणि केस विस्कटले. जगातला एक अतिशय भीतिदायक समजला जाणारा मुखवटा असा तयार झाला. नवा पदार्थ नाही, महागडे यंत्र नाही. आहे त्या वस्तूकडे नव्याने पाहिले, एवढेच.

हवेचा हात

१९७६ मध्ये लंडनजवळ ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाची तयारी चालू होती. पांढऱ्या चिलखतातील सैनिकांची चित्रे राल्फ मॅक्वॉरी यांनी काढली होती. निक पेम्बर्टन यांनी त्यावरून मातीचे शिरस्त्राण घडवले. अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिराने ते प्लास्टिकमध्ये उतरवून सुमारे ५० नग तयार केले. त्यासाठी त्याने निर्वात घडणीची पद्धत वापरली. प्लास्टिकचा तक्ता तापवून मऊ करायचा, साच्यावर पसरायचा आणि खालची हवा ओढून घ्यायची.

विद्यार्थ्यांना विचारा, तक्ता साच्याला कोण चिकटवते? बहुतेक मुले म्हणतील, यंत्र त्याला खाली ओढते. खरे तर वरची हवा त्याला खाली दाबते. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. ३० सेंटिमीटर लांब-रुंद तक्त्याचे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर. खालची सगळी हवा काढली तर त्यावर सुमारे ९०० किलोचा भार येतो. पुढे हौशी लोकांनी घरातल्या धूळ ओढणाऱ्या यंत्रानेच हे काम करून पाहिले. ते यंत्र जेमतेम एक पंचमांश दाब काढू शकते. तरी १८० किलो होतातच आणि पातळ तक्त्याला ते पुरतात. १९९७ मध्ये अमेरिकेत ‘५०१ वी लीजन’ नावाची हौशी मंडळींची संघटना सुरू झाली. असे चिलखत चढवून तिचे सदस्य रुग्णालयांतील मुलांना भेटायला आणि धर्मादाय कार्यक्रमांना जातात.

एन्सवर्थने २००४ पासून जुन्या साच्यांवरून शिरस्त्राणे करून विकायला सुरुवात केली आणि चित्रपट कंपनीने त्याला न्यायालयात खेचले. प्रश्न मजेदार होता. शिरस्त्राण हे शिल्प आहे की नाही? शिल्प असेल तर ब्रिटिश कायद्याने त्याला कलाकृतीचे दीर्घ संरक्षण मिळते. जुलै २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते शिल्प नाही, चित्रपटनिर्मितीत वापरलेली ती एक उपयोगाची वस्तू आहे. मात्र अमेरिकी हक्कांचा भंग झाला असेल तर त्याची दाद इंग्लंडच्या न्यायालयात मागता येईल, असेही त्यात सांगितले. वस्तू कोणाची? कल्पना काढणाऱ्याची, घडवणाऱ्याची की पैसे घालणाऱ्याची? नववी-दहावीच्या वर्गात चर्चेला हा विषय उत्तम आहे.

गाउस आणि शिंपी

या शतकात घरी मुखवटे करणाऱ्यांचा आवडता पदार्थ म्हणजे ईव्हीए फोम. चपलांचे तळ, व्यायामाच्या चटया आणि हस्तव्यवसायाचे रंगीत तक्ते याचेच असतात. त्यात बंद बुडबुड्यांत वायू अडकलेला असतो, म्हणून तो हलका. गरम हवेने तो मऊ होतो आणि वाकवून थंड केला की तसाच राहतो. पण तक्ता सपाट, डोके गोल. सपाटाचे गोल कसे करायचे?

इथे थेट गणिताशी गाठ पडते. १८२७ मध्ये कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी सिद्ध केले की पृष्ठभाग न ताणता आणि न फाडता कसाही वाकवला, तरी त्याची एका विशिष्ट प्रकारे मोजलेली वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची ही वक्रता शून्य असते. नळकांडे आणि शंकू यांचीही शून्यच. म्हणून कागदाची नळी होते, शंकूची टोपी होते. चेंडूची वक्रता शून्य नसते, म्हणून कागदात चेंडू गुंडाळू गेलो की चुण्या पडतातच. मुलांना संत्र्याची साल टेबलावर सपाट करायला सांगा. ती फाटते. तेच गाउसचे प्रमेय.

शिंप्यांना हे गाउसच्या कितीतरी आधी ठाऊक होते. छातीचा किंवा खांद्याचा गोलवा आणायला ते कापडात टक घेतात. पृथ्वीचे गोल करणारेही हेच करत. १५०७ मध्ये वाल्डझेम्युलर याने जगाचा नकाशा बारा फाकींच्या रूपात छापला होता. त्या कापून गोळ्यावर चिकटवायच्या. आजचा हौशी कारागीर डोक्याएवढ्या आकारावर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळतो, वरून चिकटपट्टी लावतो, पेनाने रेषा आखतो आणि त्या रेषांवर कापून तुकडे सपाट करतो. हाच त्याचा बेत. जपानमध्ये ‘पेपाकुरा’ नावाची संगणक-प्रणाली निघाली. ती संगणकातल्या घन आकाराच्या अशाच सपाट घड्या करून देते. आता त्रिमितीय छपाईची यंत्रेही आली आहेत. तरी शिंप्याची ती टक कुठे गेलेली नाही.

तलवार, ढाल अशा वस्तूंना आपल्या नाटकवाल्यांचा शब्द आहे ‘प्रॉपर्टी’. तीही फोमची करता येते. तलवारीच्या पोटात बांबूची काठी घातली की ती लवत नाही. मात्र टोक बोथट ठेवावे. तक्ते जोडायला वापरतात त्या सिंथेटिक गोंदाच्या वाफा डोक्यात जातात, म्हणून ते काम मोठ्यांनी, उघड्या व्हरांड्यात करावे.

आतला माणूस

आता त्या पडलेल्या मुलाकडे परत येऊ. त्याला पायरी का दिसली नाही?

दोन सेंटिमीटर रुंदीचे भोक डोळ्यापासून ५ सेंटिमीटर दूर असेल तर त्यातून फक्त २३ अंशांचे दृश्य दिसते. तेच भोक १ सेंटिमीटरवर आणले तर ९० अंशांचे. उघड्या डोळ्यांनी आपल्याला आडवे सुमारे २०० अंश दिसते. भाड्याचा मुखवटा मोठ्यांच्या मापाचा असणार आणि मुलाच्या चेहऱ्यापासून पुढे राहिलेला असणार. त्या मुलीने भिंतीवर आपटून हे गणित सोडवले होते.

जपानच्या ‘नो’ नाटकात नट लाकडी मुखवटा घालतात आणि त्याची डोळ्यांची छिद्रे फारच लहान असतात. म्हणून रंगमंचाच्या एका कोपऱ्यावर खांब ठेवलेला असतो. त्याचे नावच ‘नजर लावण्याचा खांब’. नट त्यावर नजर ठेवून आपण कुठे आहोत ते ओळखतो. मुखवट्यातल्या माणसाला कमी दिसते हे मान्य करून त्यांनी रंगमंचच तसा बांधला. आम्ही मात्र बक्षीस देताना पायरीपाशी हात द्यायलाही कोणी उभे केले नव्हते.

धाप लागण्याचे कारणही सोपे आहे. तीस किलो वजनाचे मूल एका श्वासात सुमारे २०० मिलिलिटर हवा घेते. बंद मुखवट्याच्या पोकळीत याहून जास्त हवा मावते. नाकाशी पुरेशी भोके नसतील तर सोडलेली हवाच पुन्हा आत जाते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के, तर उच्छ्वासात सुमारे ४ टक्के. म्हणजे शंभरपट. त्यातच चेहऱ्याचा घाम उडून जायला वाट नसते, त्यामुळे डोके तापते. उपाय साधा आहे. नाका-तोंडासमोर मोठी भोके ठेवून आतून काळी जाळी लावावी, हनुवटीखालची बाजू उघडी ठेवावी आणि दहा मिनिटांनी मुखवटा काढावा.

नवा रकाना

पुढच्या वर्षी त्याच शाळेने आम्हाला पुन्हा बोलावले. आम्ही मुख्याध्यापिकाबाईंना दोन बदल सुचवले आणि त्यांनी ते मानले. पहिला, प्रत्येक मुलाने आपला वेष कोणी आणि कशापासून केला ते दोन वाक्यांत सांगायचे. भाड्याचा असेल तर तसे सांगायचे, त्यात लाज नाही. आईने शिवला असेल तर आईचे नाव घ्यायचे. दुसरा, मुखवटा घालून मंचावर वीस पावले चालून दाखवायचे आणि पायऱ्या स्वतः उतरायच्या.

त्या वर्षी गुण देताना आम्हाला बराच वेळ लागला, कारण ऐकायला खूप होते. एकाने आजीकडून चिंचोक्याची खळ करून घेतली होती. एकीचे शिरस्त्राण जुन्या चटईचे होते आणि तिने त्याला सहा टक घेतल्या होत्या. आदल्या वर्षी पडलेला मुलगाही आला होता. या खेपेस त्याचा मुखवटा कागदाचा होता आणि एका बाजूने जरा चेपलेला होता. आम्ही विचारले, “कोणी केला?”

“मी,” तो म्हणाला, “आणि बाबांनी लगदा कुटला.” मग मुखवटा न काढता तो पायऱ्या उतरून गेला.